कोल्हापूर बालहत्या प्रकरण

कोल्हापूर बालहत्या प्रकरण : महाराष्ट्रात १९९० ते १९९६ या काळात घडलेले बालकांच्या अपहरणांचे व हत्यांचे प्रकरण. अंजनाबाई गावित आणि तिच्या कन्या रेणुका शिंदे व सीमा गावित या त्यातील प्रमुख आरोपी होत. अपहरणे पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा निरनिराळ्या ठिकाणी झाली. तथापि खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालल्याने प्रकरणास हे नाव पडले.

गर्दीत पाकीटमारी व दागिन्यांची चोरी हा या टोळीचा व्यवसाय होता. कडेवर मूल असलेल्या स्त्रीवर लोक सहसा संशय घेत नाहीत आणि ती पकडली गेली, तरी दयेने सोडून देतात, या अनुभवावरून त्यांनी लहान मुले पळविण्यास आरंभ केला. मूल ओझे वाटू लागताच त्याची हत्या केली जाई. हरवलेल्या मुलांच्या नोंदी त्या त्या पोलीस ठाण्यात वेगवेगळ्या राहत असल्याने त्यांतील समान सूत्र बराच काळ लक्षात आले नाही. अखेर १९९६ मध्ये अंजनाबाईच्या विभक्त पतीच्या कुटुंबाकडून आलेल्या तक्रारीमुळे प्रकरण उघडकीस आले.

रेणुकेचा पती माफीचा साक्षीदार झाला. अशा साक्षीस स्वतंत्र पुराव्याची पुष्टी आवश्यक मानली जाते. अंजनाबाई १९९७ मध्ये खटला चालू होण्यापूर्वीच मरण पावली. सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना मृत्युदंड दिला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केला. आरोप तेरा बालकांच्या अपहरणाचा होता. हत्येचा दोष मात्र पाच बालकांपुरताच अखेरपर्यंत टिकला. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले. परंतु त्यांवरील निर्णयास शासनाकडून झालेल्या प्रदीर्घ विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मृत्युदंडाचे जन्मठेपेत रूपांतर केले.

बालक बेपत्ता होणे ही केवळ नोंदीची बाब नव्हे, हे या प्रकरणाने दाखवून दिले. पुढे ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम माहिती अहवाल नोंदविण्याचा व प्रारंभी अपहरण वा अपव्यापार गृहीत धरण्याचा आदेश दिला. अशा प्रकरणांत तपासाचे पहिले काही तास निर्णायक ठरतात. ते निसटले, तर अपराधी पुढे सापडूनही एखाद्या बालकाचे काय झाले हे न्यायालयात सिद्ध होत नाही आणि त्याच्या कुटुंबापुरते ते प्रकरण अनिर्णितच राहते.