चुकलेल्या उत्तराचं पुढे काय?

मागच्या व्याख्यानात आपण ‘सांगणं’ आणि ‘शिकवणं’ यांतला फरक पाहिला. आज तोच फरक घेऊन मोबाइलवरच्या शिक्षणाकडे पाहू.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला प्रश्न विचारतो. २ फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ ४ चौरस फूट. याच्या दुप्पट क्षेत्रफळ हवं, तर बाजू किती? मुलगा बेधडक म्हणतो, ४ फूट. सॉक्रेटिस लगेच खरं उत्तर सांगत नाही. तो त्या बाजूचा चौरस दाखवतो आणि मुलालाच हिशेब करायला लावतो. भरतात १६! मग मुलगा ३ म्हणतो, होतात ९. आता तो कबूल करतो, मला नाही माहीत. कर्णाची रेघ येते ती त्यानंतर. (सॉक्रेटिस उत्तर जवळजवळ तोंडातच घालतो, असा आक्षेप आहे. तो आम्हांला बराचसा पटतो. पण क्रम बघा.)

आता आपलं नेहमीचं ई-लर्निंग घ्या. वीस मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी चार पर्यायांचे पाच प्रश्न. ‘४ फूट’वर बोट टेकवलं की लाल फुली आणि शेजारी बरोबर उत्तर. निकाल कळला, चुकलं कुठे, ते नाही कळलं. पुढच्या वेळी मुलगा हिरवा पर्याय तेवढा लक्षात ठेवतो. बोट हललं म्हणजे डोकं चाललं, असं थोडंच आहे?

तेव्हा प्रश्न व्हिडिओच्या आधी ठेवा. अंदाज करू द्या. ४ म्हणाला, तर पडद्यावर त्याचाच चौरस काढा आणि आतले चौकोन त्याला मोजू द्या. त्यासाठी मुलं नेमकी कशी चुकतात हे ठाऊक हवं, आणि ते प्रोग्रामरने नव्हे, शिक्षकाने सांगायचं. परीक्षेत चुकीचे पर्याय आम्हीही वर्षानुवर्षं जागा भरण्यापुरते लिहिले. आळस, दुसरं काय!

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात वर्गात एक पद्धत रुजवली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. रात्री घरी फोन घेऊन बसलेल्या मुलीला शेजारी कुठून आणायचा? पण त्याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलेलं कुणीतरी दुसऱ्या गावात त्याच वेळी बसलेलं असू शकतं. त्या दोघांची गाठ घालून देणं संगणकाला अवघड नाही.