नगरसेवक नसलेली पाच वर्षे

नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. ठाण्यात तीच वेळ मार्च २०२२ मध्ये आली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतले बदल, न्यायालयातल्या तारखा असे होत होत मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. त्यानंतर तिथे उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या की ती आता कुठे गेली असेल याचा अंदाज येतो. एवढ्या माणसांचा कारभार इतकी वर्षे प्रशासकाच्या सहीने चालला. गल्लीतले गटार तुंबले, पाणी दोन दिवस आले नाही, तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हेच लोकांना कळेनासे झाले.

नगरसेवक नव्हते म्हणून या शहरांचे सार्वजनिक जीवन थांबले का? मुळीच नाही. इथल्या माणसांना एकत्र येऊन संस्था उभी करण्याची आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची सवय जुनी आहे. बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली १८५३ मध्ये, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, कल्याण सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ते उभारण्यात ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे पुढे होते. कोणा संस्थानिकाची कृपा नसताना, गावातल्या लोकांच्या वर्गणीवर आणि खटपटीवर अशा संस्था टिकल्या. डोंबिवलीत आजही वाचलेली पुस्तके देऊन दुसरी घेण्याचा महोत्सव भरतो, आणि फडके रोडवर पुस्तके मांडली की सकाळपासून रांग लागते.

याच फडके रोडने महाराष्ट्राला एक नवा सोहळा दिला. १९९९ च्या गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा काढली. माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी यांच्या पुढाकारातून ही कल्पना आकाराला आली. घराघरांत साजरा होणारा सण रस्त्यावर आणावा आणि गावातल्या सगळ्या संस्थांनी त्या दिवशी एकत्र चालावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. ढोल-ताशा, लेझीम, नऊवारीतल्या दुचाकीस्वार मुली हे सगळे छायाचित्रांत दिसते. छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट जास्त मोलाची आहे: यात्रेच्या आधी होणाऱ्या बैठका. त्या निमित्ताने शाळा, डॉक्टर, सायकलप्रेमी, ज्ञातिसंस्था, पर्यावरणाचे काम करणारे गट एका टेबलाभोवती बसतात, विषय ठरवतात, चित्ररथ वाटून घेतात. पुढे ठाण्यात कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाने अशी यात्रा सुरू केली. गिरगावासह राज्यभर आज त्या निघतात.

लोकलच्या डब्यातही हेच कौशल्य दिसते. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या माणसाला शेजाऱ्यापेक्षा रोजच्या गाडीतला सोबती जवळचा होतो. डब्यात भजन रंगते, हळदीकुंकू होते, दसऱ्याच्या आधी झेंडूची तोरणे लागतात. मध्य रेल्वेवर कल्याणहून महिला विशेष लोकल सुरू झाली १९९२ मध्ये. इथल्या प्रवासी संघटना आजही वेळापत्रक, जादा फेऱ्या, अपघात यांवर सतत निवेदने देत असतात. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या काहींचे जीव गेले. ती निवेदने किती गंभीरपणे घ्यायला हवी होती, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

मग एवढी संघटनशक्ती असलेल्या शहरांत कचरा, अनधिकृत बांधकामे आणि खड्डे इतकी वर्षे तसेच का राहिले? सण, साहित्य, संगीत यांसाठी हजारो हात पुढे येतात, पण महापालिकेचा अर्थसंकल्प वाचायला बसणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतात, हे त्याचे खरे उत्तर आहे. दोन-चार माणसे मात्र बसली, आणि त्यांनी काय घडवले ते पाहण्यासारखे आहे.

ठाण्यातले डॉ. महेश बेडेकर हे व्यवसायाने डॉक्टर. उत्सवांतल्या कर्णकर्कश आवाजाचा रुग्णांना होणारा त्रास त्यांच्या डोळ्यांसमोर होता. २०१० मध्ये ते जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्या. अभय ओक आणि न्या. ए. ए. सय्यद यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, रहदारीला आणि पादचाऱ्यांना अडथळा करणारे मंडप रस्त्यावर चालणार नाहीत, तक्रार करणाऱ्याचे नाव उघड करू नये, अशा गोष्टी त्यात स्पष्ट झाल्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा नियमांत २००० सालापासून होतीच. ती पाळायला लावण्याची जबाबदारी आता पोलीस आणि महापालिकांच्या गळ्यात पडली. एका शहरातल्या एका नागरिकाच्या चिकाटीमुळे सबंध राज्याला लागू होणारा निकाल मिळाला. अंमलबजावणी दरवर्षी ढिली पडते हे खरे. पण बोट ठेवायला आज कागद आहे.

कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीची कहाणी याहून लांबलचक. कचऱ्याचा डोंगर वाढत गेला, उन्हाळ्यात त्याला आगी लागत आणि धूर घरांत शिरे. नागरिकांच्या याचिकेवर एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेला नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. आधी असलेल्या लोकांचा कचरा उचलता येत नसेल, तर नवे लोक आणायचे कशाला, इतका हा सरळ हिशेब होता. बंदी पुढे उठली. मात्र खरा बदल दिसला तो मे २०२० मध्ये, उपायुक्त रामदास कोकरे यांनी शून्य कचरा मोहीम सुरू केल्यावर. ओला-सुका कचरा वेगळा न देणाऱ्या सोसायट्यांना आधी समज आणि मग दंड. सुरुवातीला कुरबुरी झाल्या. हळूहळू सोसायट्यांनी खतकुंड्या बसवल्या, डोंबिवलीतल्या ऊर्जा फाउंडेशनसारख्या संस्था प्लॅस्टिक गोळा करतच होत्या, त्यांच्या कामाला बळ मिळाले. मे २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे बंद झाले. न्यायालयाचा आदेश, ठाम अधिकारी आणि घरातला ओला डबा वेगळा ठेवणारे कुटुंब, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यावर हे झाले. त्याआधी वर्षानुवर्षे एकेक प्रयत्न सुटा होत होता आणि वाया जात होता.

डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण याच्या उलट टोकाचे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली, बँकांनी कर्जे दिली, आणि लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली. हा घोटाळा उजेडात आणला वास्तुविशारद संदीप पाटील यांच्या याचिकेने. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने इमारती पाडण्याचे आदेश दिले तेव्हा हजारो रहिवासी हवालदिल झाले. त्यांचा दोष काय होता? शहर वाढताना त्याच्यावर पहारा ठेवणारी व्यवस्थाच नव्हती, आणि तिची किंमत त्यांनी मोजली.

सगळेच काही न्यायालयात जाऊन होत नाही, हेही सांगायला हवे. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. सिग्नलला फुले आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने महापालिकेला सोबत घेऊन मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग थाटले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळा मुलांपर्यंत नेली. तिथली मुले पुढे दहावी उत्तीर्ण झाली. जागा पालिकेची आणि माणसे संस्थेची, हा मेळ जमला की किती लवकर काम उभे राहते ते इथे बघायला मिळते.

असा मेळ एखाद्या संस्थेच्या किंवा अधिकाऱ्याच्या भरवशावर राहू नये म्हणून कायद्यात सोय आहे, आणि तीच बहुतेकांना ठाऊक नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यानुसार त्या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. २००९ मध्ये कायदा आणखी पुढे गेला आणि क्षेत्रसभेची तरतूद झाली: गावात ग्रामसभा असते तशी शहरात जवळच्या मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा. आपल्या भागातली कामे कोणत्या क्रमाने व्हावीत, हे त्या सभेने सुचवायचे. राज्यातल्या बहुतेक शहरांत ती सभा कागदावरच राहिली. ग्रामसभेत सरपंचाला जाब विचारणारा माणूस नोकरीसाठी डोंबिवलीत येतो आणि त्याचा तो हक्क जणू गावाच्या वेशीवरच राहतो, ही अन्यायाची गोष्ट आहे.

जानेवारीच्या निवडणुकीनंतर ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक सभागृहात बसले आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार जण निवडून आले आहेत, त्यामुळे नेमके कोणाला धरायचे हा मतदाराचा गोंधळ आणखी वाढणार. अशा वेळी क्षेत्रसभेची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. स्वागतयात्रेच्या बैठकीला ज्या संस्था जमतात, सोसायटीच्या ज्या कार्यकारिणीने खतकुंडी बसवली, लोकलच्या डब्यात जे निवेदनावर सह्या गोळा करतात, त्यांनी मिळून आपल्या चारही नगरसेवकांना एक पत्र द्यावे: आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी बोलावता, तारीख कळवा. पत्राची पोच घ्यावी, आणि महिन्याभरात उत्तर आले नाही तर पुन्हा जावे.