बिशपबाई आणि पोप

सेरा मलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वांत ज्येष्ठ धर्मपदी, निवड झाल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हापासून ‘अखेर पोपने बायकांना परवानगी दिली म्हणायची!’ हा उद्गार मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की आता त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

पोपने परवानगी दिली नाही. कारण ती त्याच्याकडे कोणी मागितलेलीच नव्हती. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारली, आणि पुढे मेरी राणीच्या अमदानीतली थोडी वर्षे वगळली, तर इंग्लंडच्या चर्चवर रोमचा अंमल आजतागायत चाललेला नाही. स्त्रियांना बिशप करावे की नाही, हा प्रश्न त्या चर्चच्या जनरल सिनॉडमध्ये, म्हणजे धर्मसभेत, मतदानाला आला. २०१२ मध्ये बिशपांनी आणि पाळकांनी अनुकूल कौल दिला असताना सामान्य सभासदांच्या सभागृहात आवश्यक बहुमताला सहा मते कमी पडून तो ठराव बारगळला, आणि २०१४ मध्ये मंजूर झाला. रोमची भूमिका मात्र याच्या नेमकी उलट आहे: स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला मुळी नाहीच, असे दुसऱ्या जॉन पॉल यांनी मे १९९४ च्या पत्रात निःसंदिग्धपणे लिहून ठेवले, आणि दीक्षा केवळ बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच, हे कॅथलिक धर्मविधानाचे १०२४ वे कलम अद्याप कायम आहे. सारांश, वसईतला कॅथलिक पोपच्या छत्राखाली असतो. पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या प्रोटेस्टंट चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा सभासद त्या छत्राखाली नसतो. दोघांना ‘ख्रिश्चन’ म्हणून एकाच दप्तरात बांधले, की असा घोटाळा होतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत.

‘बिशपबाई म्हणजे बढती मिळालेली नन.’ नव्हे, ननचे व्रत असते, बिशपला दीक्षा असते. मलाली तर विवाहित असून पूर्वाश्रमीच्या परिचारिका आहेत.

‘ही गोऱ्यांची टूम.’ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेत पाळकपदाची दीक्षा मिळालेली पहिली स्त्री चिनी होती, फ्लोरेन्स ली टिम-ओई, १९४४ साली. आणि आंध्रातल्या नंद्यालला ई. पुष्पललिता २०१३ मध्येच बिशप झाल्या, इंग्लंडच्या आधी.

इंग्लंडची पहिली बिशपबाई लिबी लेन. २६ जानेवारी २०१५ रोजी यॉर्क मिन्स्टरमध्ये त्यांच्या दीक्षाविधीत आर्चबिशप सेन्टामू यांनी रिवाजाप्रमाणे उपस्थितांची संमती विचारली, तेव्हा एक गृहस्थ पुढे येऊन, याला बायबलचा आधार नाही, असे मोठ्याने म्हणाले. सेन्टामूंनी कायदेशीर खुलासा वाचून दाखवला, प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी होकाराने ते प्रार्थनामंदिर दुमदुमले. तो हरकत घेणारा गृहस्थ रोमहून आलेला नव्हता. त्याच चर्चचा पाळक होता. भांडण घरातलेच होते आणि निवाडाही घरातच झाला. त्यात पोपला साक्षीला ओढण्याचे कारण नाही.