इंटिरिअरवर घातलेले पैसे घर विकताना परत मिळतात का?

मुंबई, पुणे, नाशिकसारख्या शहरांत नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिला फोन इंटिरिअरवाल्याला जातो. टीव्हीच्या मागे फ्लूटेड पॅनल, फॉल्स सीलिंगमध्ये प्रोफाइल लाइट, हँडल नसलेली कपाटं, क्वार्ट्झचा ओटा. सध्या बहुतेक कोटेशनमध्ये हेच दिसतं आणि दोन बेडरूमच्या घरासाठी आकडा सहज आठ-दहा लाखांच्या घरात जातो. 'घराची किंमतही वाढेल' असं म्हणत तो गळी उतरवला जातो. पण किंमत खरंच वाढते का?

रीसेलचा भाव कशावर ठरतो?

रीसेलमध्ये भाव बोलला जातो तो चौरस फुटावर. रेरा कायद्यामुळे आता कार्पेट एरियाची व्याख्या ठरलेली आहे: आतल्या भिंती धरून वापरता येणारी जागा, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून. या क्षेत्रफळाला त्या भागातला दर लागतो. मग मजला, पार्किंग, इमारतीचं वय, लिफ्ट, पाणी यांनुसार तो थोडा वर-खाली होतो. कपाटांचा नंबर फार खाली येतो.

त्यात खरेदीदार कर्ज घेणारा असेल, तर बँकेचा व्हॅल्युअर घर बघून जातो. तो मंजूर नकाशा, क्षेत्रफळ, बांधकामाची अवस्था आणि आसपासचे व्यवहार पाहतो. समजा, त्याने फ्लॅटचं मूल्य ८० लाख लावलं आणि मालक इंटिरिअरसह ८८ लाख मागतोय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते, म्हणजे इथे ६४ लाख. ८० लाखांत सौदा झाला असता तर खरेदीदाराला पदरचे १६ लाख घालावे लागले असते. आता २४ लाख लागतील. इंटिरिअरचे आठ लाख पूर्णपणे त्याच्या बचतीतून जाणार, आणि मुद्रांक शुल्क वेगळंच. घासाघीस इथेच सुरू होते.

तयार घर लवकर विकलं जातं, हे खरं. भाड्याने द्यायचं असेल तर फर्निचर असलेल्या घराला भाडंही जास्त मिळतं. शिवाय दहा-बारा वर्षं स्वतः राहायचं असेल, तर मनासारखं घर करण्यात काहीच चूक नाही. फक्त त्या खर्चाला गुंतवणूक म्हणू नये. आजची फॅशन दहा वर्षांनी खरेदीदाराला जुनाट वाटू शकते. (उलटही होतं. अनेक घरांतल्या ज्या मोझॅक लाद्या फोडून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, त्याच धर्तीची फरशी आता 'टेराझो' म्हणून चांगल्या किमतीला विकली जाते.)

किंमत कमी करणारे बदल

काही बदल तर पैसे खर्च करून घराची किंमत घटवतात. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली तरी मंजूर नकाशात ती बाल्कनीच राहते. व्हॅल्युअर तिला खोली म्हणून धरत नाही आणि सोसायटीची नोटीस येऊ शकते ती वेगळीच.

ओपन किचनसाठी भिंत काढण्याची टूमही अशीच. मायवान पद्धतीने बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये आतल्या अनेक भिंती काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्यांना हात लावणं धोक्याचं आहेच, शिवाय ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जी जबाबदारी रेरा बिल्डरवर टाकतो, ती झटकायला त्याला आयतं कारण मिळतं. आणि भिंत काढता आली, तरी रोजची फोडणी आणि मासळीचा वास हॉलभर नको असलेले खरेदीदार कमी नाहीत.

मग खर्च कुठे करावा?

जिथे तो दिसत नाही तिथे. जाणकार खरेदीदार घर बघताना आधी छताचे कोपरे आणि बाथरूमलगतच्या भिंती पाहतो. ओल दिसली की भाव पाडायला कारण मिळतं. बाथरूमच्या नव्या टाइल्स हा सर्वांत फसवा खर्च आहे. जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. ब्रेकर लावून लाद्या फोडल्या की हा कोबा तडकतो. वर कितीही महाग टाइल बसवली, तरी पाणी खालच्या घरात उतरतं आणि भांडण सोसायटीत जातं. म्हणून लाद्या काढल्यास वॉटरप्रूफिंग नव्याने करून, टाइल्स बसवण्याआधी एक-दोन दिवस पाणी भरून ठेवून चाचणी घ्यावी. त्याचे फोटो जपावेत, विकताना उपयोगी पडतात.

वायरिंगचंही तेच. पंखे-ट्यूबलाइटच्या काळातली वायर एसी, गीझर आणि इंडक्शनचा भार पेलत नाही. नवी तांब्याची वायर, एसीला स्वतंत्र लाइन आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी यांना फॉल्स सीलिंगच्या आधी पैसे द्यावेत. गंजलेल्या लोखंडी पाइपांचंही तसंच. किचनमध्ये सिंकखालच्या कपाटाला एमडीएफ वापरलं तर ते पाण्याने फुगतं, तिथे आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय हवं.

एक अपवाद मात्र मोठा आहे. इमारत तीस वर्षांपलीकडची असेल आणि सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल, तर दुरुस्तीपुरताच खर्च करावा. राज्य सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास पुढे जाऊ शकतो. त्यात वाढीव जागा मोजली जाते ती जुन्या कार्पेटवर. दोन वर्षांपूर्वीचं दहा लाखांचं इंटिरिअर इमारतीबरोबरच पाडलं जातं.

बिलं का जपावीत?

घर २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवून विकलं, तर नफा दीर्घकालीन धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर लागतो. त्याआधी घेतलेल्या घरांबाबत निवासी व्यक्तींना इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेब करून कमी येणारा कर भरता येतो. नफा काढताना फरशी, वायरिंग, प्लंबिंग अशा कायमस्वरूपी सुधारणांचा खर्च वजा होतो. सोफा, टीव्ही, नेहमीची रंगरंगोटी यांचा होत नाही. भिंतीत बसवलेल्या कपाटांवरून वाद होऊ शकतो. सहा लाखांच्या सुधारणांची बिलं असतील, तर १२.५ टक्क्यांच्या हिशेबाने ७५ हजारांचा कर वाचतो. त्यासाठी कंत्राटदाराचे पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत आणि बिलावर कामाचा तपशील, घराचा पत्ता व तारीख लिहून घ्यावी.