वसतिगृहाची खोली: जाणारा, येणारा आणि मधले आठ दिवस

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांविषयी बोललो. एखादी गोष्ट आपल्याला कळली, असे आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा तो विषय होता. शेवटी एका श्रोत्याने विचारले, 'सर, याचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय?' आज त्याचे उत्तर देऊ, आणि तेही वसतिगृहाच्या खोलीतून.

नोकरीच्या काळात आम्ही काही वर्षे एका महाविद्यालयातल्या मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला रेक्टर का करतात, ते आम्हाला अजून उमगलेले नाही. या विषयाच्या प्राध्यापकाला दुसरे काम नसते, अशी समजूत असावी बहुधा! दर उन्हाळ्यात तोच प्रसंग. परीक्षा संपल्या की मुले ट्रंका, वळकट्या घेऊन निघायची. जून-जुलैत तशाच ट्रंका घेऊन नवी मुले यायची. खोल्या त्याच, कॉट त्याच, माणसे वेगळी. हा बदल नीट कसा करावा, याचा विचार आम्ही एक चूक केल्यावरच केला. ती चूक आधी सांगतो.

पहिल्या वर्षी खोल्या ताब्यात घेताना एका खोलीतल्या कपाटाचे कुलूप उचकटलेले आणि खिडकीची काच फुटलेली दिसली. खोलीत राहणारा मुलगा खेड्यातून आलेला, घरातला पहिलाच कॉलेजात शिकणारा. आम्ही त्याच्या अनामत रकमेतून दुरुस्तीचे पैसे कापले. तो म्हणाला, 'सर, हे आधीपासूनच असं होतं.' आम्ही म्हणालो, 'मग तेव्हाच का नाही सांगितलंस?' तो गप्प बसला, सही करून गेला. काही महिन्यांनी त्या खोलीत त्याच्या आधी राहिलेला विद्यार्थी गुणपत्रिकेसाठी आला आणि हसत हसत म्हणाला, 'सर, ते कपाट आम्हीच उचकटलं होतं, किल्ली हरवली होती.' आम्ही पैसे मनिऑर्डरने पाठवले. मनिऑर्डर परत आली. मुलाने पत्ता बदलला होता. शेवटी ती रक्कम वसतिगृहाच्या खात्यात जमा करावी लागली. रक्कम लहान होती, पण त्या मुलाच्या घरी ती लहान नव्हती.

आता आमची चूक तर्काच्या भाषेत बघा. न्यायदर्शनातले प्रसिद्ध उदाहरण आपल्याला ठाऊक आहे: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. हे अनुमान चालते, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. आमचे अनुमान काय होते? या मुलाने काच फोडली, कारण तो या खोलीत राहतो. 'जो खोलीत राहतो, तो तिथली फुटकी काच फोडणारा असतो', अशी व्याप्ती आहे का? मुळीच नाही. काच वाऱ्याने फुटते, आधीच्या मुलाने फोडलेली असते, सुटीत माकडांनीही फोडलेली असते. जिथे साध्य नाही तिथेही जो हेतू सापडतो, त्याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने सव्यभिचार हेतूवर एका मुलाचे पैसे कापले, बरं का!

वर आम्ही त्याला विचारले, 'तेव्हाच का नाही सांगितलंस?' खरे तर विचारायला आम्ही हवे होते. खोली देणाऱ्याच्या हाती किल्ली असते, नोंदवही असते, शिक्का असतो. येणारा मुलगा पहिल्या दिवशी बावरलेला असतो, आईवडील एसटीची वेळ बघत असतात. पुरावा गोळा करण्याची जबाबदारी ज्याच्या हाती साधने आहेत त्याची. म्हणून आम्ही पहिला नियम केला: खोलीची यादी जाताना नव्हे, येताना करायची.

यादी म्हणजे काय? कॉट, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, ट्यूबलाइट, बटणे, खिडकीची तावदाने, दाराची कडी, भिंती. प्रत्येकासमोर स्थिती लिहायची. 'ठीक' हा शब्द आम्ही बंद केला. 'ठीक' म्हणजे काय ते वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही. 'डावे तावदान तडकलेले', 'टेबलाचा खण अडकतो' असे लिहायचे. दोघांच्या सह्या, दोन प्रती, एक मुलाकडे. शिवाय आठ दिवसांची सवलत, कारण पंख्याचा आवाज आणि छताची गळती पहिल्या दुपारी समजत नाही. आता तर मोबाइल आहे. तारखेसह फोटो काढून दोघांकडे ठेवले की निम्मे वाद संपतात.

दुसरा मुद्दा झीज आणि नुकसान यांतला फरक. वापरामुळे जे होणारच ती झीज: रंग मळतो, गादी बसते, बिजागरी सैल होते. तिचा खर्च वसतिगृहाचा. इस्त्रीने टेबल जाळले, दार लाथ मारून तोडले, तर ते नुकसान. तिथेही नव्या वस्तूची पूर्ण किंमत घेणे अन्याय्य. समजा, टेबल दहा वर्षे टिकते आणि ते आठव्या वर्षाच्या अखेरीस मोडले. मग मुलाने दोन वर्षांची किंमत द्यावी, दहा वर्षांची नव्हे. नाहीतर आधीच्या आठ वर्षांतल्या मुलांनी वापरलेल्याचे पैसे हा एकटा भरतो.

आता मधल्या दिवसांकडे येऊ. व्यवस्थापनाला वाटते, आज एक गेला, उद्या दुसरा आला. पण हिशेब करून बघा. साठ खोल्या आहेत. दोन माणसांना एक खोली धुऊनपुसून काढायला दोन तास लागतात. म्हणजे एका जोडीच्या दिवसाला चार खोल्या. तीन जोड्या लावल्या तर बारा. नुसत्या सफाईलाच पाच दिवस झाले. दुरुस्ती आणि रंग वेगळेच. म्हणून आमचा दुसरा नियम: शेवटची जाण्याची तारीख आणि पहिली येण्याची तारीख यांत किमान आठ दिवस कोरे ठेवायचे, आणि ते कुणाच्याही शब्दाखातर मोडायचे नाहीत.

त्या दिवसांत कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी वायरिंग आणि नळ, कारण त्यासाठी भिंत फोडावी लागते. मग गिलावा, मग रंग, मग ढेकणांची फवारणी, शेवटी सफाई. सफाई वरच्या मजल्यावरून खाली यायची. क्रम उलटला की तेच काम दोनदा. फवारणीनंतर फक्त फरशी पुसायची, कॉटचे सांधे धुवायचे नाहीत, नाहीतर औषधच धुतले जाते.

ढेकूण हा वसतिगृहाचा जुना रहिवासी, त्याची अनामत नसते! खोली महिनाभर रिकामी होती, म्हणजे ढेकूण गेले, हा समज चुकीचा आहे. ढेकूण अन्नावाचून कित्येक महिने तग धरतो. अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत उबतात आणि अंड्यांवर पुष्कळ औषधे चालत नाहीत. म्हणून एका फवारणीने भागत नाही, साधारण दोन आठवड्यांनी दुसरी लागते. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळते पाणी ओतायची आपल्या आज्यांची रीत अगदी शास्त्रशुद्ध होती. तसेच पाण्याचे. बंद इमारतीत टाक्या, कूलर, फ्लशच्या टाक्या यांत पाणी साचून राहते. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून तयार होतो. मुले येण्याआधी टाक्या घासायच्या आणि सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यायचे.

कोरे दिवस न ठेवल्यास काय होते, ते पाहायचे तर बोस्टनला जावे. आपल्या श्रोत्यांपैकी काहींची मुले तिथे शिकतात, त्यांना हे ठाऊक असेल. तिथल्या विद्यार्थी वस्त्यांमधले बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला सुरू होतात आणि आदल्या दिवशी संपतात. एकाच दिवशी सगळे निघतात, सगळे येतात. फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलांचे ढीग लागतात. येणारे त्यातून हवे ते उचलतात, म्हणून ऑलस्टन भागात लोक या दिवसाला गमतीने 'ऑलस्टन ख्रिसमस' म्हणतात. सामानाचे उंच ट्रक स्टॉरो ड्राइव्हच्या बुटक्या पुलांखाली अडकतात, हे तर दरवर्षीचेच. आपल्या मुलांना एवढे जरूर सांगा: टेबल उचला, गादी उचलू नका. ढेकूण तिच्यातूनच घरी येतात.

पण घेण्यासारखेही तिथे आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार अनामत घेणाऱ्या घरमालकाने भाडेकरूला सुरुवातीच्या दहा दिवसांत घराच्या स्थितीचे लेखी निवेदन द्यावे लागते, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत अनामत किंवा कापलेल्या रकमेचा तपशील द्यावा लागतो. वाजवी झिजेचे पैसे कापता येत नाहीत. म्हणजे आमच्या हेत्वाभासावर तिथे कायद्याने उपाय केला आहे.

आता एक अडचण, जिचे उत्तर आम्हाला यादीत सापडले नाही. कोऱ्या दिवसांत सगळ्यांनी घरी जावे, हे ठीक. पण ज्याला घरच नाही तो? ज्याची एखाद्या विषयाची परीक्षा राहिली आहे तो? जो सुटीत काम करून पुढची फी जमवतो तो? पहिल्या वर्षी आम्ही सरसकट नोटीस लावली आणि दोन मुले स्टँडवर झोपली, असे नंतर कळले. पुढच्या वर्षापासून एक मजला चालू ठेवला. त्याची डागडुजी सर्वांत शेवटी, बाकीच्या खोल्या तयार झाल्यावर. थोडी गैरसोय झाली, पण कुणाला बाहेर झोपावे लागले नाही.

आपल्याकडे हे विसरता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृह उभे केले आणि पुढे अनेक समाजांसाठी वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीचे काम १९५५ पासून चालू आहे. ज्याला शहरात डोके टेकायला जागा नाही त्याने शिकावे, म्हणून ही खोली आहे. तिचा कोणीच मालक नाही. जाणारा नाही, येणारा नाही, रेक्टर तर नाहीच. सगळे विश्वस्त.

आणि गंमत अशी की जाणारा आणि येणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत. एकाने खिळा ठोकला, तो दुसऱ्याच्या सदऱ्याला लागतो. एकाने खिडकी नीट लावली, म्हणून दुसऱ्याची गादी पावसात भिजत नाही. या दोघांमध्ये न्याय करायचा तर तिसरे कुणीतरी लागते, जे दोघांनाही पाहते आणि लिहून ठेवते. ते काम रेक्टरचे.

तेव्हा या जुलैत तुमच्या घरातले कुणी वसतिगृहात जाणार असेल, तर आधी फोटो काढा, यादी मागा, आणि 'ठीक' लिहिले असेल तर सही करू नका. आणि तुम्ही स्वतः रेक्टर असाल, तर मुलगा 'हे आधीपासूनच होतं' म्हणाल्यावर त्याला गप्प बसवू नका. आधी स्वतःची वही उघडा.

असो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.