नवी गाडी, जुनी जन्मतारीख

आमच्या मुरुमचा शेतकरी बैलाचे दात पाहिल्यावाचून इसार देत नाही. तोच गृहस्थ सोलापूरला मोटार घ्यायला गेला, की दुकानातल्या गार हवेने आणि गोड बोलण्याने असा भारावतो, की कागद न वाचताच सह्या ठोकून नारळ फोडायला धावतो! वाचकहो, मोटारीलाही दात असतात. तिच्या चासीवर बनावटीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. मला विचाराल, तर रंगाआधी ते पाहावे.

गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ साली नवी म्हणून गाडी घेतली. ती निघाली २००९ची, वर ६२२ किलोमीटर धावलेली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ साली टाटा मोटर्सची सुटका झाली. कारण विक्रेत्याची करामत कंपनीला ठाऊक होती, असे सिद्ध झाले नाही. विक्रेत्याची जबाबदारी मात्र कायम राहिली. तेव्हा पाटीवरचे नाव कितीही मोठे असो, पावती कोणाची आहे, हे पाहून ठेवावे.

पूर्वी असे भांडण बहुधा विक्रेत्याच्या जिल्ह्यात जाऊन लढावे लागे; एस.टी.च्या खेपांनीच माणूस थके. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली लागू झाला आणि मुरुमकराला आपल्या धाराशिवच्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची सोय झाली. मुदत दोन वर्षांची. म्हणून सांगतो, संकोच सोडावा. पावती सोडू नये.