केनेडी : आडनांव आणि नांव

अपत्याचें नांव ठेवतांना त्याचा अर्थ शुभ असावा, अशी दक्षता आपण घेतों. या कसोटीस 'केनेडी' हें नांव उतरणें कठीण. अमेरिकेंत आज तें मुख्यतः मुलींना हौसेनें ठेवितात; मूळ आयरिश भाषेंत मात्र त्याचा रूढ अर्थ 'कुरूप डोक्याचा' असा आहे !

मूळ शब्द 'किनेदे'. त्यांतील पूर्वपदाचा अर्थ डोकें, याविषयीं वाद नाहीं. उत्तरपद 'कुरूप' या अर्थाचें मानलें, तर वरील अर्थ निघतो. 'चिलखत' या अर्थाचें मानलें, तर 'शिरस्त्राणधारी' असा. दुसरा अर्थ घराण्यास शोभणारा खरा. पण पहिल्यानें दचकण्याचें कारण नाहीं. गेल लोक शारीरिक व्यंगावरून निःसंकोच नांवें ठेवीत. स्कॉटलंडांतील 'कॅमेरॉन' म्हणजे वांकड्या नाकाचा, आणि 'कॅम्बेल' वांकड्या तोंडाचा.

'किनेदे' हें आधीं एका पुरुषाचेंच नांव होतें. आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील दाल गाश कुळाचा या नांवाचा राजा ९५१ सालीं वारला. १०१४ मध्यें क्लॉन्टार्फच्या रणांगणावर पडलेला ब्रायन बोरू हा त्याचाच पुत्र. याच सुमारास तेथें वंशपरंपरागत आडनांवें रूढ होऊं लागलीं. आपलीं आडनांवें बहुधा गांवावरून किंवा वतनावरून पडलीं, त्यांचीं पूर्वजावरून. पूर्वजाच्या नांवामागें 'मॅक' म्हणजे पुत्र, आणि 'ओ' म्हणजे नातू, पर्यायानें वंशज. अशा रीतीनें 'ओ किनेदे' हें आडनांव बनलें. पुढें इंग्रजी अमलांत अनेक कुटुंबांच्या आडनांवांतील 'ओ' गळाला, उच्चार इंग्रजी वळणाचा झाला, आणि 'केनेडी' उरलें.

१८४५ नंतरच्या भीषण दुष्काळांत लक्षावधि आयरिश लोकांनीं देश सोडला. वेक्सफर्ड परगण्यांतील डंगन्सटाऊन येथील पॅट्रिक केनेडी हा त्यांतलाच एक. तो बोस्टनला गेला. त्याचा पणतू जॉन १९६० मध्यें अमेरिकेचा अध्यक्ष निवडून आला. जून १९६३ मध्यें त्यानें पूर्वजांच्या त्या शेतघरास भेट दिली, आणि त्याच वर्षीं २२ नोव्हेंबरला त्याची हत्या झाली. त्याच्या नांवाभोवतीं जें वलय निर्माण झालें, त्यामुळें आडनांव पुन्हां पाळण्यांतलें नांव झालें. प्रथम मुलांचें, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून विशेषेंकरून मुलींचें.

यांत एक मौज आहे. आयरिश रीतीप्रमाणें कन्या 'ओ' लावीत नाहीं. तिच्या आडनांवामागें 'नी' येतें. आतां मात्र मुलगी थेट त्या राजाचेंच नांव धारण करते. तिच्या मातापित्यांच्या मनांत ना डोकें असतें, ना शिरस्त्राण. दुष्काळांतून परदेशीं गेलेल्या एका कुटुंबानें चौथ्या पिढींत मिळविलेला मान, हाच त्यांच्या लेखीं या नांवाचा अर्थ आहे. आणि तो कोणत्याहि धातूंतून निघालेला नाहीं.